‘ड’ वर्गाचे एक वाचनालय : दोन वर्षांच्या सभासदाचा अभिप्राय

कऱ्हाडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, शासनमान्य ‘ड’ वर्गाचे, म्हणजे ‘अ’ ते ‘ड’ या श्रेणींतल्या सर्वांत खालच्या वर्गाचे, सार्वजनिक वाचनालय आहे. मी तेथे दोन वर्षांपासून सभासद आहे आणि आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी तेथे जातो. आमच्या भागात राहणाऱ्या ज्या कोणाला वाचनाची आवड आहे त्याने वर्गणी भरून सभासद व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढे ज्या उणिवा लिहीत आहे त्या वाचून कोणी आपला विचार बदलू नये. गावाचे व संस्थेचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. येथे दिसणाऱ्या बहुतेक अडचणी राज्यातल्या अनेक लहान वाचनालयांच्या आहेत, आणि नाव दिल्यास त्यांचा ठपका ज्यांच्या जिवावर हे वाचनालय रोज उघडते त्या ग्रंथपाल बाईंवर येईल, अशी मला भीती वाटते.

वेळ संध्याकाळी ५ ते ८ अशी आहे व सोमवारी सुट्टी असते. अनामत १०० रुपये आणि मासिक वर्गणी १० रुपये, शाळकरी मुलांना ५ रुपये. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक पंधरा दिवसांसाठी घरी नेता येते. दिवाळीनंतर वेगळी रक्कम भरून दिवाळी अंकांची योजना घेता येते, आणि ती जरूर घ्यावी, कारण गावातल्या निम्म्या घरांत मार्चपर्यंत हेच अंक फिरत असतात.

जागा लहान आहे. जिना अरुंद असून त्याला कठडा एकाच बाजूला आहे, त्यामुळे गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे वर यायचे टाळतात. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांचे लांब टेबल, आतल्या खोलीत सहा लोखंडी कपाटे आणि खिडकीशी ग्रंथपाल बाईंचे टेबल. पाच वाजता बाई येतात आणि सहाही कपाटांची कुलपे काढून दारे सताड उघडी ठेवतात. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या लेखी या वाचनालयाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. पुस्तके गहाळ होतील या धास्तीने कपाटे बंद ठेवायची आणि वाचकाच्या हाती फक्त यादी द्यायची, ही पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. यादीतून नाव निवडायला ते नाव आधी ठाऊक असावे लागते, आणि ज्याला ते ठाऊक नाही तो वाचक दुसऱ्यांदा येत नाही. येथे मुक्तद्वार पद्धत आहे. चौथीतली मुलेसुद्धा खालच्या कप्प्यासमोर फतकल मारून पुस्तके काढतात, चाळतात आणि चुकीच्या जागी परत ठेवतात, आणि आठ वाजता बाई ती योग्य जागी लावतात. दोन वर्षांत सात पुस्तके गहाळ झाल्याचे बाईंनी मला सांगितले. एवढी किंमत मोजायला हरकत नाही, असे मला वाटते.

बाईंनी ग्रंथालय प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. कादंबऱ्यांच्या पाठीवर ८९१.४६३ आणि कवितासंग्रहांच्या पाठीवर ८९१.४६१ असे वर्गांक त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिकटवले आहेत, पण त्यांचे खरे ज्ञान त्या आकड्यांत मावणारे नाही. मागच्या भाद्रपदातली एक संध्याकाळ मला आठवते. पावणेआठला, बाई खिडक्या लावत असताना, भांगलणीहून थेट आलेली एक स्त्री जिना चढून वर आली. हात धुतलेले होते, पण पदराचे टोक अजून ओले होते. पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले पुस्तक काढून तिने टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “मागच्यासारखंच द्या ताई, पण ह्यात कुणी मरायला नको.” बाईंनी क्षणभर विचार केला, तिसऱ्या कपाटातून एक जुने, बांधणी केलेले पुस्तक काढले आणि दाखलांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) लिहिता लिहिता एवढेच सांगितले की पहिली चाळीस पाने जरा सावकाश जातात, तेवढी धीराने वाचा. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत सांगून ठेवले. ते सूत्र प्रत्यक्षात कसे दिसते हे मला त्या संध्याकाळी कळले.

आता संग्रहाविषयी. दाखल नोंदवहीत सुमारे २,३०० पुस्तके आहेत. मी एका पावसाळ्यात बाईंच्या परवानगीने कपाटांतली पुस्तके एकेक करून पाहिली, तेव्हा त्यांतली चारशेच्या वर पुस्तके वाचण्याच्या स्थितीत नसल्याचे आढळले. काहींना कसर लागली आहे, काहींची पाने गळतीच्या पाण्याने एकमेकांना चिकटली आहेत, आणि कितीतरी पुस्तके नुसती कालबाह्य आहेत : बंद पडलेल्या परीक्षांची मार्गदर्शके, जुन्या करांची माहितीपत्रके, एकाच चरित्राच्या अकरा प्रती. ती नियमाप्रमाणे बाद करता येतात, पण कार्यकारी मंडळ तसे करायला धजावत नाही, कारण शासनाच्या तपासणीच्या वेळी ग्रंथसंख्या मोजली जाते आणि संख्या घटली तर वर्ग धोक्यात येईल, अशी त्यांची समजूत आहे. २०१२ साली महसूल खात्यामार्फत राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक ग्रंथालयांची पडताळणी झाली होती. कागदावरच चालणारी ग्रंथालये त्यातून उघडी पडावीत, हा तिचा हेतू योग्यच होता, परंतु तिची धास्ती प्रामाणिकपणे चालणाऱ्या संस्थांच्या मनातही अजून घर करून आहे. परिणामी खराब पुस्तके चांगल्या पुस्तकांची जागा अडवून बसली आहेत, आणि नव्या सभासदाच्या हाती पहिल्याच दिवशी कसर लागलेले पुस्तक पडण्याची शक्यता बरीच आहे.

दाखल नोंदवहीपेक्षा मला या वाचनालयातली दुसरी एक वही महत्त्वाची वाटते. बाईंच्या टेबलावर दोरीने बांधलेली पेन्सिल आणि शंभर पानी मागणी वही असते. वाचकाने हवे असलेले पुस्तक तीत लिहायचे. मी ती पहिल्या पानापासून वाचली. आल्याच्या पिकावरच्या कंदकुज रोगाविषयी सोप्या भाषेतले पुस्तक हवे, असे तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले आहे. ब्लाउजच्या कटिंगचे, आकृत्या असलेले पुस्तक हवे. पोलीस भरतीचे गणित हवे. मोठ्या अक्षरातली पोथी हवी, आणि त्यापुढे कंसात “चष्मा लावूनही दिसत नाही” असे लिहिलेले आहे. एका मुलाने संपूर्ण ओळभर “भूत भूत भूत” लिहून खाली इयत्ता टाकली आहे. या वहीची पाने भरत गेली, पण त्या काळात झालेल्या ग्रंथखरेदीच्या बिलांत यांतले एकही पुस्तक नव्हते.

याचे कारण कोणाची अनास्था नाही, हे मी नीट चौकशी करून लिहीत आहे. शासनाचे अनुदान दोन हप्त्यांत येते आणि दुसरा हप्ता हाती पडेपर्यंत आर्थिक वर्ष संपत आलेले असते. ३१ मार्चच्या आत खरेदी होऊन पावत्या फाइलला लागल्या पाहिजेत, म्हणून त्या घाईत विक्रेता जो तयार संच मोठ्या सवलतीत देऊ करतो तो घेतला जातो. अशा एका खरेदीत आलेल्या ३१ पुस्तकांच्या तारीखपट्ट्या (पुस्तक घरी नेताना ज्यांवर शिक्का मारतात त्या) मी तीन महिन्यांनी पाहिल्या, तर १९ पुस्तकांच्या पट्ट्यांवर एकही शिक्का नव्हता. ती पुस्तके वाईट होती असे मी म्हणणार नाही. ती या गावातल्या कोणासाठी निवडलेली नव्हती, एवढेच.

पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय या सेवेचा न्याय्य अभिप्राय देता येणार नाही. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान दीर्घकाळ ३०,००० रुपये होते. दहा वर्षांच्या खंडानंतर त्यात ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८,००० रुपये झाले. यातली निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर खर्च करायची असते. म्हणजे वेतनासाठी २४,००० रुपये, महिन्याला २,०००. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे तीन तास धरले तर तासाला २६ रुपयेही पडत नाहीत, आणि घरी नेऊन केलेल्या बांधणीचे, नोंदी नकलण्याचे, तपासणीच्या आदल्या रात्री जागण्याचे तास यात धरलेले नाहीत. आमच्याकडे भांगलणीला जाणाऱ्या बाईला दिवसाला तीनशे रुपये मिळतात. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींसाठी वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. तिची निकड मला या टेबलासमोर बसून समजली. वाचनालयाची सगळी गुणवत्ता ज्या एका व्यक्तीवर उभी आहे तिलाच ही व्यवस्था सर्वांत कमी मोबदला देते. उद्या बाईंनी तालुक्याच्या दुकानात नोकरी धरली तर त्यांना कोणी नाव ठेवू शकणार नाही, पण या सहा कपाटांची दारे मात्र बंद होतील.

उरलेल्या २४,००० रुपयांचे काय होते तेही पाहू. पाच वर्तमानपत्रांना वर्षाला ९,००० रुपयांच्या आसपास लागतात. मासिके आणि दिवाळी अंक मिळून ३,०००, लेखापरीक्षण, वीज, नोंदवह्या, प्रवास असे मिळून ५,०००. पुस्तकांसाठी सात हजार राहतात, आणि सवलत धरून एका पुस्तकाला सरासरी अडीचशे रुपये मोजले तर वर्षाला २८ पुस्तके येतात. वर्गणीतून थोडीफार भर पडते, इतकेच. गावाची वस्ती चार हजारांच्या घरात आहे.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने लोकांनी स्थापन केलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. तिचा लाभ असा की राज्यभर हजारो गावांत वाचनालये उभी राहिली आणि ती गावकऱ्यांच्या मालकीची राहिली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. लोकांनी एकत्र येऊन वाचनालय काढायचे, ही आपल्याकडची जुनी रीत त्या कायद्याने पुढे नेली. मात्र या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर नाही. शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आकारला जातो, केरळातही असा उपकर आहे. उपकर गोळा झाला म्हणजे तो गावातल्या वाचनालयापर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि तिकडच्या तक्रारीही मी वाचल्या आहेत. तरीसुद्धा दर वर्षी ठरावीक दराने येणारा पैसा आणि दहा वर्षे एकाच आकड्यावर गोठून राहणारे अनुदान यांत फार अंतर आहे. घराच्या पट्टीबरोबर वर्षाला वीस-तीस रुपये वाचनालयासाठी द्यायला आमच्या गावातली बहुतेक घरे तयार होतील, असे मला वाटते, कारण यात्रेची वर्गणी याच्या कितीतरी पट जमते.

तोपर्यंत ग्रामपंचायतीने पुढे यायला हवे, आणि त्यासाठी कायद्याचा आधारही आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत, त्यांत ग्रंथालयांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आमच्या ग्रामपंचायतीने वरचा मजला नाममात्र भाड्याने दिला आहे, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. वीजबिल आणि छताची दुरुस्ती तिने आपल्याकडे घेतली तर वाचनालयाच्या सात हजारांचे दहा हजार होऊ शकतात, आणि पूर्वेच्या भिंतीवरून उतरणारे पाणी थांबून पुढची दोनशे पुस्तके वाचतील. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधीच्या (ज्यांत राज्यही वाटा उचलते) व असमान निधीच्या (ज्यांत राज्याचा वाटा नसतो) योजनाही आहेत. १९७२ साली स्थापन झालेली ही संस्था पुस्तके, फर्निचर, बालविभाग, संगणक अशा बाबींसाठी मदत करते. आमच्या पाचव्या कपाटातली बरीचशी चांगली बालपुस्तके त्याच मार्गाने आली आहेत. परंतु प्रस्ताव, आराखडे, प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षित हिशेब यांची जुळवाजुळव कोणी करायची, हा प्रश्न फिरून त्याच दोन हजार रुपयांच्या बाईंपाशी येऊन थांबतो. तालुक्यातल्या वाचनालयांचे असे प्रस्ताव तयार करून देणारा एखादा माणूस सगळ्या वाचनालयांनी मिळून नेमला, तर त्याचा पगार कोणालाही जड होणार नाही. माझ्या मते नव्या इमारतीच्या आधी हे व्हायला हवे.

एक तक्रार मात्र मी कार्यकारी मंडळाकडे तोंडी केली आहे आणि ती येथेही नोंदवतो. बाहेरच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी दहा-बारा मुले-मुली बसतात. त्यांच्याकडे खोलीची किल्ली असते आणि ती सकाळपासून अभ्यास करतात. अभ्यासिका ही गावाची खरी गरज आहे, विशेषतः ज्या मुलींना घरी बसायला शांत कोपरा मिळत नाही त्यांच्यासाठी. पण संध्याकाळी पाचनंतरही तिथे कडक शांतता हवी असा आग्रह धरला जाऊ लागला, आणि शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा जो उपक्रम बाईंनी सुरू केला होता तो दोन महिन्यांत बंद पडला. टेबलाशी बसून वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर बोलणारी म्हातारी माणसेही कमी झाली. वार्षिक अहवालात अभ्यासिकेतल्या मुलांची रोजची हजेरी वाचकसंख्येत धरलेली आहे, त्यामुळे वाचनालय भरलेले दिसते. यांतल्या बहुतेक मुलांनी आतल्या खोलीतले एकही पुस्तक घरी नेलेले नाही, हे देवघेव नोंदवही सांगते. संध्याकाळचे तीन तास वाचकांचे आणि बाकीचा दिवस अभ्यासिकेचा, अशी वाटणी करणे काही अवघड नाही.

काही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत सुधारल्याही. गेल्या जुलैमधल्या सर्वसाधारण सभेत मी सूचना मांडली की पुस्तकांसाठीच्या रकमेपैकी एक तृतीयांश रक्कम वर्गणीच्या शिलकीतून आधी उचलावी आणि ऑक्टोबरमध्ये फक्त मागणी वहीतली पुस्तके घ्यावीत. अध्यक्षांनी फारशी चर्चा न करता ती मान्य केली आणि ठराव एका ओळीत लिहिला गेला. नऊ पुस्तके आली. आल्याच्या पिकावरचे पुस्तक अजून कपाटात स्थिरावलेले नाही, त्याच्या तारीखपट्टीवर नऊ शिक्के पडले आहेत आणि एका पानावर कोणीतरी औषधाचे प्रमाण पेन्सिलीने अधोरेखित केले आहे. शिवणकामाच्या पुस्तकासाठी बाईंना वेगळी यादी करावी लागली. मोठ्या अक्षरातली पोथी ज्या आजोबांनी मागितली होती त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची नात ती दर पंधरवड्याला आणते, शिक्का मारून घेते आणि परत नेते. भुतांच्या पुस्तकाचे पहिले पान आताच फाटले आहे, आणि त्याची मला अजिबात खंत वाटत नाही.

गुण द्यायचेच झाले तर ग्रंथपालांच्या सेवेला पाचपैकी पाच, संग्रहाला अडीच, जागेला दोन, आणि जे लहान मुलांना घेऊन येणार आहेत त्यांच्यासाठी सध्या तीन असे मी देईन. शनिवारचे गोष्टींचे वाचन पुन्हा सुरू झाल्यास हा शेवटचा आकडा मी वाढवीन. पहिल्यांदा येणाऱ्याने साडेपाच ते साडेसहा या वेळात यावे. तेव्हा गर्दी कमी असते आणि बाईंना तुमच्याशी बोलायला सवड मिळते. कोणत्या विषयाची आवड आहे ते त्यांना सांगावे आणि त्या जे देतील ते एकदा तरी घेऊन पाहावे.

पुण्या-मुंबईला असलेल्या आमच्या गावच्या मंडळींना मदत करायची असेल, तर माळ्यावरची जुनी पुस्तके खोक्यात भरून पाठवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांतली बहुतेक आधीच येथे आहेत, आणि त्यांची नोंद करण्यात बाईंचे दोन-दोन आठवडे जातात. त्याऐवजी मागणी वहीच्या शेवटच्या दोन पानांचे छायाचित्र मागवावे आणि त्यातले एखादे पुस्तक नवे घेऊन द्यावे, किंवा ग्रंथपालांच्या मानधनासाठी म्हणून ठरावीक रक्कम दर महिन्याला संस्थेच्या खात्यात जमा करावी. मानधनासाठी वेगळे पावती पुस्तक यंदापासून छापले आहे. ते बाईंच्या टेबलाच्या डाव्या खणात असते, आणि आतापर्यंत त्यातल्या चौदा पावत्या फाटल्या आहेत.